शेवटचं पान आधी वाचणाऱ्या अंभोरे मॅडम

कोणतंही नवं पुस्तक हातात आलं की अंभोरे मॅडम ते मागून उघडायच्या. शेवटचं पान उभ्याउभ्याच वाचायच्या, चष्मा कपाळावर सरकवून, ओठ हलवत. मग पुस्तक मिटून स्वतःशीच म्हणायच्या, "आलं बाप्पा घरी." किंवा नुसतंच, "नाई आलं." गोष्टीतलं पोरगं शेवटी घरी पोचलेलं असलं तर ते पुस्तक शाळेच्या कपाटात जायचं. पोचलेलं नसलं तर मॅडमच्या घरी, पलंगाखालच्या पिशवीत. मुलांच्या हाती ते लागत नसे.

वाशीम जिल्ह्यात, आसेगावच्या पुढं एका लहान गावात आमची शाळा. मी गणित-विज्ञान शिकवायचो आणि मालेगावहून मोटारसायकलनं येजा करायचो. मॅडम आसेगावात राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या. पाचवी ते सातवीला मराठी त्यांच्याकडे. ठेंगणा बांधा, सुती साडी, कमरेला कपाटाची किल्ली. नवरा एसटीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला नर्स. मॅडमच्या पिशवीत कायम फुटाण्यांची पुडी असायची आणि वाचताना त्या फुटाणे खायच्या, त्यामुळं पुस्तकांच्या पानांत टरफलं निघायची. ज्या पानात जास्त टरफलं ते पान मॅडमना जास्त आवडलं, असं मुलांनी आपसात ठरवून टाकलं होतं. ते बहुतेक खरं होतं.

कपाटात दोनच तऱ्हेची पुस्तकं. धाडसाच्या गोष्टी आणि घरातल्या गोष्टी. मी एकदा म्हणालो, विज्ञानाचं काही ठेवा की. तर म्हणाल्या, "तुमचं तुमी ठेवा, सर. दहा-बारा वर्षाचं लेकरू अर्धं घरात असते अन् अर्धं बाहेर. त्याले बाहेर जाची हौस असते अन् घराचा धाकही असते. मी तेवढंच सांभाळतो."

पुस्तक मागायला मूल आलं की त्या आधी त्याच्याकडं नीट पाहायच्या. जाड पुस्तक मागणाऱ्या हुशार मुलीला पातळ द्यायच्या. एखाद्याला सरळ सांगायच्या, "हे तुह्यं पुस्तक नाही. दिवाळीनंतर ये." रोशन नावाचा एक मुलगा होता, बापाच्या धाकानं तोंडातून शब्द न काढणारा. त्याला त्यांनी अशी गोष्ट दिली की जिच्यात बाप आणि मुलगा जंगलात वाट चुकतात आणि बाप घाबरतो. रोशननं पुस्तक परत आणलं.

"मॅडम, याच्यातला बाप भेते."

"मंग? बाप भेत नाई काय?"

"आमचा नाई भेत."

"विचारून पाय."

पुढच्या आठवड्यात रोशनचा बाप शाळेत आला. उंच, रापलेला माणूस, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, पोट्ट्यानं मले जेवता जेवता विचारलं, बाबा तुमाले कायचं भेव वाटते. मले आजलोक कोणी विचारलं नव्हतं वो." रात्री लाइट आली की पाणी द्यायला शेतात जावं लागतं, तेव्हा सापाची भीती वाटते, असं त्यानं मुलाला सांगून टाकलं होतं. "आता पोट्टं म्हनते, मी येतो बॅटरी धराले," हे सांगताना तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

वाशीमला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की मॅडम मला ओढून न्यायच्या. तिथं त्यांनी एका विक्रेत्याला जेरीस आणलेलं मी पाहिलं आहे. "याच्यातली माय कायनं मेली?" त्यानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, त्याला कुठून माहीत असणार? "पयल्या पानावर मायबाप मेले, दुसऱ्या पानावर पोट्टं डोंगर चढून राह्यलं. रडलं काहून नाई? लेकराले मोकळं सोडाचं असलं का लेखक आधी मायबाप मारून टाकते. लय सोपं काम हाय ते."

त्यांच्या लहानपणी घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं. आईबाप दोघंही मजुरी करणारे, पण मुलगी शिकली पाहिजे यावर बाप अडून बसलेला. "आमच्या घरी पुस्तक म्हंजे परीक्षा," त्या सांगायच्या. "बाप मांडी घालून समोर बसे, मी वाचो. त्याले वाचता येत नव्हतं, पन मी थांबली का त्याले समजे. गोष्टीचं पयलं पुस्तक मी डीएडले गेल्यावर वाचलं. हरवलेला पोरगा घरी येते, एवढीच गोष्ट. मी इतकी रडली का खोलीतल्या पोरी भेल्या."

दुपारचं जेवण झालं की त्या वर्गाला रोज थोडं वाचून दाखवायच्या आणि ऐन रंगात पुस्तक मिटायच्या. "आता तुमी काय केलं असतं?" मुलं ओरडायची, हात वर करायची. पूर्वा मात्र कधी हात वर करत नसे. पाचवीतली ही मुलगी, नामदेवरावांची नात. नामदेवराव गावातले मोठे शेतकरी. त्यांचा मुलगा ट्रकवर, महिन्यातून एखाद-दोनदा घरी. सून वैशाली उन्हाळ्यापासून घरात दिसत नव्हती. कामाला गेली, दिवाळीला येईल, असं पूर्वाला आणि तिच्या लहान भावाला, ओमला सांगितलं होतं. गावाला वेगळं माहीत होतं, पण मोठ्या घराबद्दल मोठ्यानं बोलण्याची पद्धत नव्हती.

त्या पावसाळ्यात मॅडमनी वाचायला जे पुस्तक घेतलं ते दोन भावंडांचं होतं. आई दूर गावी राहिलेली असते आणि भावंडं नदीच्या काठाकाठानं तिला शोधत जातात. बहीण भावाचा हात ओढणीनं आपल्या हाताला बांधून घेते. कोणी विचारलंच तर सांगते, मावशी मागून येते आहे. शेवटी आई भेटते आणि लेकरांना पाहून रडते. शेवटचं पान वाचलं त्या दिवशी पूर्वानं ते पुस्तक घरी मागून नेलं. मॅडम खुशीत होत्या.

दिवाळीच्या आधी एका सकाळी पूर्वा आणि ओम घरून शाळेला म्हणून निघाले आणि शाळेत आले नाहीत. दुपारी मुख्याध्यापकांना फोन आला, मालेगावच्या बसस्टँडवरून. तिथं चहा विकणाऱ्या एका बाईनं अकोल्याच्या गाडीत दोन लेकरं बसलेली पाहिली. मोठी म्हणत होती, मावशी मागं बसली आहे. लहाना रडत होता आणि त्याचा हात ओढणीनं बांधलेला होता. बाईला संशय आला. तिनं दोघांना खाली उतरवलं आणि ओमच्या ओळखपत्रावरचा शाळेचा नंबर लावला. काळीपिवळी जीपनं शेलूबाजार, तिथून दुसऱ्या गाडीनं मालेगाव, एवढं अंतर ती मुलगी भावाला घेऊन बिनबोभाट आली होती.

नामदेवरावांना मागं बसवून मी मालेगावला गेलो. सगळ्या रस्त्यात त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर तो दुखत राहिला. ओम बिस्किट खात बसला होता. आजोबांना पाहून तो धावत आला. पूर्वा जागची हलली नाही. मला म्हणाली, "सर, मॅडमले सांगसान का?"

दुसऱ्या दिवशी नामदेवराव शाळेत आले. हातात ते पुस्तक. ते त्यांनी टेबलावर आपटलं. "हे पाहा तुमचं शिकवनं! लेकराईले घरातून पळाले शिकोता?" बाहेर आठ-दहा माणसं जमली होती. मॅडम उभ्या राहिल्या. नामदेवरावांचा आवाज आणखी चढला. "तुमच्या लोकाईले आमच्या घरात कायले नाक खुपसाचं होतं?"

मॅडम बौद्ध. 'तुमच्या लोकाईले' म्हणजे काय, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मुख्याध्यापक खाली पाहू लागले. मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"माह्या लोकाईचं मागून बोलू, नामदेवराव. लेकरं काल जेवले का?"

म्हातारा गडबडला. "लहाना जेवला," तो म्हणाला.

"अन् पूर्वा?"

नामदेवराव वळले आणि निघून गेले. मुख्याध्यापक म्हणाले, थोडे दिवस कपाट बंदच ठेवू. मॅडमनी कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि वर्गात गेल्या. त्या दिवसापासून दुपारचं वाचन थांबलं. मुलं पुस्तक मागायला यायची, त्या व्याकरण काढून बसायच्या. फुटाण्यांची पुडी तशीच पिशवीत राहायची.

मला एकदा म्हणाल्या, "सर, ते पुस्तक मी तिच्यासाठीच निवडलं होतं. तिची माय घरी नाई, मले माहीत होतं. म्हनूनच निवडलं. शेवटी भेट होते ना, म्हनून मी मजेत वाचलं. त्या लहान्याचं काई झालं असतं तं?" मी म्हणालो, यात तुमचा दोष नाही. त्या म्हणाल्या, "दोषाचं कोन बोलून राह्यलं? मी भेली, हे सांगून राह्यली तुमाले."

मग त्या नामदेवरावांच्या घरी गेल्या. आत या असं कोणी म्हणालं नाही. त्या ओट्यावर बसल्या. नामदेवरावांची बायको, सिंधूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. पूर्वा दाराशी येऊन उभी राहिली. हे सगळं मॅडमनी मला जसं सांगितलं तसं सांगतो.

"काहून गेली होती बाई?"

"पुस्तकातली माय रडली ना, मॅडम. आमची रडते का, ते पाहाचं होतं."

"कुठी हाय ते तुले माहीत होतं?"

"अकोल्याले. दवाखान्यात. बाबा फोनवर भांडते तवा आयकलं."

सिंधूबाई तांब्या तसाच घेऊन आत गेली.

त्या रविवारी मॅडम एकट्याच अकोल्याला गेल्या. सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात मला बोलावून घेतलं. वैशाली भेटली होती. एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून कामाला होती, तिथल्याच एका मावशीबरोबर खोली करून राहत होती. पूर्वाचं नाव काढताच ती रडली. ओमचे पुढचे दात पडले का, नवे आले का, हे तिनं दोनदा विचारलं. आणि मग म्हणाली, "मी त्या घरी नाई येत, मॅडम. मी तिथं लय मार खाल्ला. आता कुठी मले झोप लागाले लागली. लेकरं मागतले तं देत नाई, फोन केला तं कापते. पन मी येत नाई."

"काय सांगू मी पोरीले?" मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, परीक्षेनंतर येईल म्हणा. तोवर ती विसरेल. मॅडमनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी पूर्वाला जवळ बसवलं. मी दोन हातांवर होतो.

"मी तुह्या मायले भेटून आली."

पूर्वानं आधी तेच विचारलं. "रडली?"

"रडली. भल्ली रडली."

"मंग कधी येते?"

मॅडमनी तिचा हात धरला. "नाई येत, बाई. तुमच्यासाठी जीव तुटते तिचा, पन या घरी ते येत नाई. तू काई केलं म्हनून गेली नाई ते. अन् तू काई केलं म्हनून परतही येणार नाई. एवढं ध्यानात ठेव."

पूर्वानं हात सोडवून घेतला. वर्गात गेली, दप्तर उचललं आणि घरी निघून गेली. नंतर काही दिवस ती आलीच नाही. मॅडम रोज हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबायच्या. मला तेव्हा वाटत होतं की मॅडमनी चूक केली. आजही मला खात्रीनं सांगता येत नाही.

ती परत आली ती सरळ मॅडमच्या टेबलाशी. "मॅडम, ज्याच्यात माय येतच नाई, असं पुस्तक हाय का?"

मॅडमनी पुढ्यातलं व्याकरण मिटलं. "कपाटात नाई," म्हणाल्या. "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी पलंगाखालची ती पिशवी स्कूटीवर घालून त्यांनी शाळेत आणली. स्टाफरूमच्या टेबलावर रिकामी केली. एकेक पुस्तक हातात घेत म्हणाल्या, "सर, मले वाटे मी लेकराईले वाचवून राह्यली. अन् ज्याईच्या घरी कोणी आलंच नाई, ते पोट्टे? रोज माह्या समोर बसत होते. त्याईच्यासाठी मी काई ठेवलंच नव्हतं." त्यांनी एक पुस्तक निवडलं. मामाबरोबर नावेवर राहणाऱ्या मुलीचं. आई पलीकडच्या काठावरच्या गावी निघून गेलेली, ती परत येत नाही. मुलगी वादळातून नाव काढते, आणि शेवटी नावेवरच राहते. मुख्याध्यापकांनी नुसतं वर पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मी पुस्तक देऊन राह्यली. कोणी विचारलं तं माह्यं नाव सांगजा." मुख्याध्यापकांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून त्यांच्या पुढ्यात सरकवली.

पूर्वानं ते पुस्तक घरी वाचलं, आणि मग तूर निवडत बसलेल्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. हे आम्हाला सिंधूबाईकडूनच कळलं. ती पदर डोक्यावर घेऊन शाळेत आली, शाळेत येण्याची तिची बहुतेक पहिलीच वेळ. मॅडमच्या समोरच्या बाकावर बसली. म्हणाली, "पोरगी वाचत होती अन् मी आयकत होती. तिच्या डोळ्यात पानी नाई, माह्याच आलं. मॅडम, वैशालीले मारत होता तवा मी आतल्या खोलीत बसून राहो. मी काई बोलली नाई." मग म्हणाली, "पोरीले मायशी भेटवून आना. पोराचं अन् बुढ्याचं मी पायतो."

ते सोपं गेलं नाही. पूर्वाचा बाप एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन ओरडून गेला. नामदेवराव महिनोन्महिने नाही म्हणत राहिले. सिंधूबाईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, तेव्हा कुठं ते म्हणाले, एक दिवस, आणि उजेडात परत. तोवर वर्ष संपलं होतं आणि मॅडम निवृत्त झाल्या होत्या. नागपूरला मुलीकडं जायचं ठरलं होतं. त्याआधी त्यांनी हे काम घेतलं.

त्या दिवशी आईला भेटून पूर्वा संध्याकाळी घरी परतली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. आता सुट्ट्यांत ती अकोल्याला जाते. यंदा ओमही गेला होता. वैशाली त्या घरात परत आलेली नाही आणि येणारही नाही. वर्गात पूर्वाचं लक्ष अजून कधीकधी उडतं, मग मी तिला हाक मारत नाही. कपाट उघडं असतं. पिशवीतली सगळी पुस्तकं आता त्यात आहेत.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते पूर्वाला आईकडं नेलं त्या सकाळी, मालेगावच्या बसस्टँडवर. त्या आणि पूर्वा काळीपिवळीतून उतरल्या. मागोमाग मोटारसायकलवर नामदेवराव. गावापासून ते जीपच्या मागं मागं आले होते. अकोल्याची गाडी लागली. दोघी आत जाऊन बसल्या. नामदेवरावांनी मोटारसायकलला लावलेली पिशवी काढली आणि खिडकीतून पूर्वाच्या हातात दिली.

"आजीनं वड्या देल्या तुह्या मायसाठी," ते म्हणाले. "तिले सांगजो, तिखट कमी टाकलं म्हना."

एवढं बोलून ते दूर जाऊन उभे राहिले, पाठ करून. घाईत निघाल्यामुळं पूर्वाचे केस तसेच मोकळे होते. मॅडमनी तिला वळवून बसवलं आणि वेणी घालायला घेतली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसे नामदेवराव भरभर चालत आले आणि त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात मारला.

"मॅडम, काच लावून घ्या! पातूरपर्यंत रस्ता खोदेल हाय, धूळ येते!"

मॅडमचे दोन्ही हात पूर्वाच्या केसांत होते आणि रिबिन दातांत धरलेली होती. त्यांना बोलता येईना. त्यांनी मान हलवली, आणि पूर्वानं हात लांब करून काच ओढली.